भाकरी ‘गरिबांच्या’ रकान्यात कशी गेली?

वाचकाचं पत्र

ताई, मी जुळे सोलापूरला राहते. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत आहे. मुलगा पाच वर्षांचा. गेल्या महिन्यात मुलीला शाळेतून ‘आपला आहार’ असा प्रकल्प दिला होता. वहीत दोन रकाने करायचे होते, ‘पौष्टिक’ आणि ‘अपौष्टिक’. तिनं तिसरा रकाना स्वतःच आखला आणि वर लिहिलं, ‘गरिबांचं’. त्यात भाकरी, शेंगाचटणी, पिठलं आणि हुलग्याचं माडगं. ‘पौष्टिक’मध्ये सफरचंद, ओट्स, ब्राउन ब्रेड आणि दुधात घालायची चॉकलेटची पावडर. सासूबाईंनी ती वही वाचली आणि त्या रात्री न जेवता झोपल्या.

आमचं सासर मंगळवेढ्याकडचं. सासरे गिरणीत लागले म्हणून कुटुंब सोलापुरात आलं. सासूबाई आता पासष्टीच्या आहेत. माझं माहेर सोलापूरच्याच पूर्व भागातलं, पद्मशाली, म्हणजे विणकर समाजाचं. वडील यंत्रमागावर होते, आई विड्या वळायची. आमच्याकडे सकाळी चहा-टोस्ट आणि दोन्ही वेळा भात. भाकरी मी लग्नानंतर शिकले, अजून सासूबाईंसारखी पातळ जमत नाही.

सासूबाई ताट घेऊन नातवंडांच्या मागे फिरतात, शेवटचा घास संपल्याशिवाय उठू देत नाहीत. धाकटा मोबाइल समोर असल्याशिवाय तोंड उघडत नाही. यांना दुकान बंद करून यायला दहा वाजतात, येताना रोज वेफर्सच्या, कुरकुरीत काहीतरी पुड्या आणतात. बोललं की म्हणतात, ‘आम्हाला मिळालं नाही, त्यांना तरी मिळू दे.’ मी दिवाळीपासून वजनासाठी रात्रीचं जेवण सोडलं आहे. परवा मुलगी म्हणाली, ‘मम्मी, मी पण रात्रीचं बंद करू का? माझं पोट दिसतं.’

डब्यात भाकरी देत नाही, वर्गात मुली हसतात. वहीवरून घरात बोलाचाली झाली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘तुमच्या माहेरी भाकरी नव्हती, तवा लेकरास्नी तिची गोडी कुठनं लागणार?’ ते मला फार लागलं. चूक नेमकी कुणाची? आणि सुरुवात मुलांपासून करू की मोठ्यांपासून?

– एक आई, सोलापूर

उत्तर

ताई,

सुरुवात मोठ्यांपासून करा. आणि मुलांना ‘हे पौष्टिक, ते खा’ हे सांगणं काही दिवस पूर्ण बंद ठेवा. तुमच्या घरात खाण्याबद्दल बोलणं भरपूर होतंय. सासूबाई सात-आठला जेवत असतील, मुलांना त्या भरवतात, यजमान दहानंतर जेवतात, तुम्ही जेवतच नाही. म्हणजे दोन्ही लेकरांबरोबर रात्री कुणी मोठं माणूस जेवायला बसतच नाही. खरी अडचण मला इथं दिसते.

मुलीवर रागावू नका. तिला पोषण कळत नाही असं मुळीच नाही. बाईंनी शिकवलेलं सगळं तिच्या लक्षात आहे, म्हणून तर सफरचंद बरोबर जागी गेलं. शाळेनं दिलेले दोन रकाने तिला पुरले नाहीत, कारण घरात बघून तिला आणखी एक गोष्ट कळली आहे. काही पदार्थ चारचौघांत काढायचे असतात आणि काही घरच्या घरी खायचे असतात. तुमच्याकडे पाहुणे येतात तेव्हा काय होतं? पोळ्या, पनीरची भाजी, जिरा राइस होत असणार. भाकरी कधी होते? घरचेच असताना. डब्यात ती जात नाही. वाढदिवसाला ती होत नाही. सकाळची उरलेली भाकरी रात्री बहुतेक आजीच्याच ताटात असते. नऊ वर्षांची पोर हे रोज बघते. तिनं त्यातून जो अर्थ काढला तो ऐकायला कठोर आहे, पण तिनं पाहिलं तेच लिहिलं.

आणि हे फक्त तुमच्या घरात घडलेलं नाही. आपला जिल्हा कोरडवाहू. पावसाळा सरता सरता, सप्टेंबर-ऑक्टोबरात ज्वारी पेरायची आणि काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर ती पिकवायची, ही इथली रीत. मालदांडी ज्वारीची भाकरी पिढ्यान्‌पिढ्या रोजची, आणि गव्हाची पोळी सणावाराची. पुढं रेशनवर गहू-तांदूळ आले, गिरण्यांचा पगार घरात यायला लागला, आणि रोज पोळी खाणं म्हणजे दिवस पालटले अशी खूण झाली. त्यात लोकांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. ज्यांनी वर्षानुवर्षं नाइलाजानं एकच एक खाल्लं, त्यांना पोळीचं अप्रूप वाटणारच. पण त्या अप्रूपाबरोबर भाकरीची थोडी लाजही घराघरांत शिरली आणि ती आता तिसऱ्या पिढीच्या वहीत उतरली. बाजारात मात्र हवा फिरली आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं, २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं, आणि चांगली मालदांडी आज गव्हापेक्षा महाग पडते.

तिसऱ्या रकान्यात तिनं काय काय लिहिलंय ते एकदा शांतपणे बघा. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रथिनं असतात, जवळजवळ तितकाच चोथा असतो, आणि ४ मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं. ज्वारीच्या प्रथिनांत एक उणेपणा आहे. लायसिन नावाचा घटक त्यात कमी पडतो. तो कडधान्यांत आणि डाळींत भरपूर असतो, म्हणजे पिठल्याच्या बेसनात आणि माडग्याच्या हुलग्यात. शेंगदाण्यात वजनाच्या जवळपास चौथा हिस्सा प्रथिनं आणि वर चांगलं तेल. बरोबर एखादी पालेभाजी, लिंबाची फोड आणि वाटीभर दही ठेवलं, तर वाढत्या मुलासाठी यापेक्षा चांगलं ताट मी तरी सुचवू शकणार नाही. ते ताट तुमच्या मुलीनं पूर्ण बरोबर जुळवलं, फक्त वरचं नाव चुकलं.

‘पौष्टिक’मधल्या त्या चॉकलेटच्या पावडरीचं मात्र बघा. डबा हातात घेऊन मागच्या बाजूला साखर किती लिहिली आहे ते वाचा, मुलीलाच वाचायला द्या. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयानं ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेयं ‘हेल्थ ड्रिंक’ या गटातून काढायला सांगितलं होतं, कारण अन्नसुरक्षेच्या कायद्यात असा गटच नाही. पावडर दुधात घालायचीच असेल तर चव म्हणून घाला, पण पोषण म्हणून तिच्यावर विसंबू नका.

आता सासूबाईंबद्दल. त्या पासष्टीच्या आहेत, म्हणजे १९७२ च्या दुष्काळात दहा-बारा वर्षांच्या असणार. मंगळवेढ्याकडच्या घरांत तो दुष्काळ अजून ताजा आहे. दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेली माणसं, वाटप झालेली सुकडी, आणि परदेशातून आलेला तो तांबडा मिलो, म्हणजे तिकडची लाल ज्वारी, ज्याची भाकरी नीट थापताही येत नसे. इथली पांढरीशुभ्र ज्वारी दिसेनाशी झाली होती. ज्या मुलीनं त्या वयात हे काढलं, ती आजी झाल्यावर नातवंडांच्या ताटात उरलेला घास पाहू शकत नाही, याचं मला नवल वाटत नाही. तिच्या लेखी भरलेलं पोट म्हणजे वाचलेलं लेकरू. त्या नातीनं भाकरीला ‘गरिबांचं’ म्हटलं तेव्हा सासूबाईंना काय वाटलं असेल, त्याचा विचार करा. अपमान भाकरीचा झाला असं त्यांना वाटलं नसेल, आपल्या सगळ्या आयुष्याचा झाला असं वाटलं असेल.

हे समजून घेतलं तरी ताट घेऊन मागे फिरणं थांबलं पाहिजे, यावर मी ठाम आहे. लहान मुलाला भूक कधी लागली आणि पोट कधी भरलं हे आतून कळतं. ‘शेवटचा घास’ रोज कोंबला की ते आतून येणारं कळणं हळूहळू बोथट होतं, आणि मग मूल भुकेपुरतं न खाता ताटात वाढलं असेल तेवढं खायला लागतं. लिअॅन बर्च या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी बालवाडीच्या वयाच्या मुलांवर अनेक वर्षं प्रयोग केले. त्यांतल्या एका प्रयोगात मुलांना एक पेय संपवलं तर बक्षीस मिळायचं. काही दिवसांनी बक्षीस मिळालेल्या मुलांना ते पेय आधीपेक्षा कमी आवडू लागलं. ‘भाजी संपव, मग चॉकलेट’ असं म्हणताना आपण भाजीचा मान आपल्याच हातानं कमी करतो.

सासूबाईंना हे प्रयोग सांगायला जाऊ नका. त्यांच्याकडे दुसऱ्या मार्गानं जा. वाढण्याचं काम त्यांच्याकडेच ठेवा, पण ताटात आधी थोडं वाढायचं आणि मुलानं मागितलं की पुन्हा वाढायचं, एवढा एकच बदल सांगा. ‘आई, तुमच्या हातचं ते स्वतःहून मागून खातील, जरा वाट बघू’ असं म्हणा. अन्न वाया जाऊ नये हा त्यांचा आग्रह थोडं वाढल्यानं आपोआप पाळला जातो, त्यामुळं त्यांना हार झाल्यासारखं वाटणार नाही. कामाची वाटणीही सोपी आहे. काय करायचं, किती वाजता आणि कुठं बसून खायचं हे मोठ्यांनी ठरवायचं. किती खायचं, आणि ताटातलं कुठलं खायचं कुठलं नाही, हे मुलांनी. मूल एका वेळेला कमी जेवलं तर काही बिघडत नाही. पुढच्या वेळेला ते भरून काढतं. मधल्या वेळात पुडी मिळाली तर मात्र भरून काढत नाही.

म्हणजे आता पुड्या. यजमान म्हणतात, आम्हाला मिळालं नाही. गिरणी कामगाराच्या घरात पगाराच्या दिवशीच गरम भजी किंवा जिलबी यायची, बाकी महिना नाही, अशी अनेक घरं आपल्या शहरात होती. गिरण्या बंद पडल्या तेव्हा तेही थांबलं. त्या घरातला मुलगा बाप झाल्यावर रोज रात्री हातात काहीतरी घेऊन येतो, तेव्हा तो खाऊ आणत नाही, दिवसभर भेटलो नाही त्याची भरपाई आणतो. म्हणून ‘पुड्या बंद’ असा फतवा काढलात तर त्यांना वाटेल की मुलांशी त्यांचा उरलासुरला धागाच तोडला. शिवाय बर्चबाईंच्याच पुढच्या प्रयोगांत असंही दिसलं की समोर दिसतंय पण घ्यायला बंदी, अशा पदार्थाकडे मुलांचं मन जास्तच ओढ घेतं आणि संधी मिळताच ती तो जास्त खातात. म्हणून बंदीही नको आणि कपाटात लपवणंही नको. घरात रोज येऊ द्यायचं नाही, एवढंच. आठवड्यातला एक वार ठरवा, समजा रविवार, आणि त्या दिवशी सगळ्यांनी बसून हवं ते खा, कुणीही ‘वाईट असतं बरं का’ असं न म्हणता. बाकीच्या दिवशी त्यांना आणायचंच असेल तर पेरू आणू दे, बोरं आणू दे, भाजलेल्या शेंगा आणू दे. हंगामात आपल्याच जिल्ह्यातली डाळिंबं काय कमी असतात? डाळिंब सोलून दाणे काढायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ बाप मुलांजवळ बसतो. थंडीत सुट्टीच्या दिवशी गावाकडं हुरड्याला न्या. आगटीतून काढलेलं कणीस हातावर चोळून गरम दाणे आपल्या बापाच्या हातून खाल्लेल्या पोरीला ज्वारी ‘गरिबांची’ वाटणं अवघड आहे.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात काळजीचं वाक्य वहीबद्दलचं नाही. ‘मी पण रात्रीचं बंद करू का, माझं पोट दिसतं’ हे आहे. ते तुम्ही शेवटाकडे आणि घाईत लिहिलंय, पण माझ्या मते तुम्ही पत्र त्याच्यासाठीच लिहिलंत.

ताई, नऊ-दहा वर्षांच्या मुलीचं थोडं पोट दिसणं स्वाभाविक आहे. वयात येण्याआधी शरीर थोडी चरबी साठवतं, मग उंची झपाट्यानं वाढते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं २०२० मध्ये जे प्रमाण ठरवलं त्यात सात ते नऊ वर्षांच्या मुलांना रोज १५ मिलिग्रॅम लोह सांगितलं आहे, आणि दहा ते बारा वर्षांच्या मुलींना थेट २८. जवळजवळ दुप्पट. तुमची मुलगी आता नेमकी त्या उंबरठ्यावर आहे. अशा वेळी एका वेळचं जेवण सोडणं तिला परवडणारं नाही. आणि तिला कुणी डाएट शिकवलं नाही. आई ओट्यापाशी उभी राहून सगळ्यांना वाढते, स्वतः ताट घेत नाही, वजनकाट्यावर उभी राहून उसासा टाकते, एवढं तिला पुरलं. मुली आईकडून स्वयंपाक शिकतात तसं स्वतःच्या शरीराकडे बघणंही आईकडूनच शिकतात.

तुमचं वजन कमी करायला माझी हरकत नाही. पण ते जेवण सोडून करू नका, आणि तिच्यासमोर तर अजिबात नको. रात्री एक भाकरी, भाजी, वरण असं ताट वाढून घ्या आणि तिच्याशेजारी बसून खा. चालणं वाढवा, दिवसातले चहाचे कप आणि त्यातली साखर कमी करा, आणि मुलांच्या ताटात उरलेलं संपवण्याची सवय असेल तर ती सोडा. घरात आजपासून ‘जाड’, ‘बारीक’, ‘सुटली’ हे शब्द कुणाच्याही बाबतीत नकोत, टीव्हीवरच्या बाईच्या बाबतीतसुद्धा. ती पुन्हा पोटाबद्दल बोलली तर ‘छे, तू कुठं जाड’ असं झटकून टाकू नका. ‘तू वाढतेयस, वाढायला पोटभर खावं लागतं, मीही आता रात्री तुझ्याबरोबर जेवणार आहे’ असं सांगा, आणि त्याच रात्री जेवा.

रोज सगळे एकत्र बसणं जमणार नाही, दुकान आहे. तरी तुम्ही, सासूबाई आणि दोन्ही मुलं अशी चार माणसं आठ वाजता खाली बसून जेवू शकता. मोबाइल दुसऱ्या खोलीत, मोठ्यांचेसुद्धा. धाकटा पहिले तीन-चार दिवस रडेल, जेवणारही नाही. डगमगू नका. पडद्याकडे बघत गिळलेल्या घासाची ना चव कळते ना पोट भरल्याचं कळतं. त्याला स्वतःच्या हातानं खाऊ द्या, सांडलं तर सांडू द्या. नवीन भाजी त्यानं एकदा थुंकली म्हणजे त्याला ती आवडत नाही असं धरू नका. लहान मुलाला अनोळखी चव आपलीशी व्हायला आठ-दहा, कधी पंधरा वेळा ती समोर यावी लागते. बहुतेक घरं तिसऱ्या वेळेलाच सोडून देतात. मेथी-करडईसारखी किंचित कडवट भाजी तर मोठी माणसं चवीनं खाताना बघितल्याशिवाय मुलं खातच नाहीत.

डब्याचं आता बोलू. वर्गात हसतात हे मी हलक्यात घेत नाही. चारचौघांतलं खाणं मुलांवर फार काम करतं. बर्चबाईंनी १९८० मध्ये एक साधी गोष्ट करून बघितली. एक भाजी न आवडणाऱ्या मुलाला ती आवडणाऱ्या मुलांच्या पंगतीत काही दिवस बसवलं. मूल तीच भाजी निवडायला लागलं. म्हणजे मैत्रिणींचा जोर जसा भाकरीच्या विरोधात चालतो तसा बाजूनंही चालू शकतो. एकदम भाकरी-पिठल्याचा डबा देऊन तिला एकटीला लढायला पाठवू नका. धपाट्यांपासून सुरू करा. ज्वारीच्या पिठात थोडं बेसन, तीळ, कोथिंबीर, लसूण, वर दह्याची डबी. ते लुसलुशीत आणि तिखटसर लागतात आणि मुलींनी एकेक तुकडा मागितला नाही तर मला आश्चर्य वाटेल. दुसरं म्हणजे कडक भाकरी. हिचे तुकडे करून वर शेंगाचटणी आणि थोडं तूप किंवा दही लावून सुट्टीच्या डब्यात द्या. कुरकुरीत आहे, आणि सोलापूरला आलेले पाहुणे हीच कडक भाकरी आणि शेंगाचटणी पिशव्या भरभरून घेऊन जातात हेही तिला दिसू द्या. एखाद्या शनिवारी तिच्या दोघी-तिघी मैत्रिणींना घरी जेवायला बोलवा आणि त्या दिवशी मुद्दाम भाकरीच करा, तव्यावरून थेट ताटात. आजीला थापायला बसवा. टम्म फुगलेली भाकरी बघायला मुली गॅसभोवती गोळा होतात. पिठाचा छोटा गोळा त्यांनाही द्या.

पाहुण्यांसाठी भाकरी करायला लागा, हेही त्यातलंच. पुढच्या वेळी नणंद-भावजय कुणी आली की पोळीबरोबर भाकरीही ठेवा, चांगल्या भांड्यात, लोण्याच्या गोळ्यासकट. ‘पौष्टिक आहे बरं का’ हे वाक्य त्या दिवशीही तोंडातून जाऊ देऊ नका.

दोन्ही मुलांचं हिमोग्लोबिन एकदा तपासून घ्या, तुमचंही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलांत रक्त कमी आढळलं, आणि त्यात खात्यापित्या घरची मुलंही होती. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी ११.५ च्या खाली आकडा आला तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, गोळ्या आपल्या मनानं सुरू करू नका. मूल सारखं दमत असेल, चेहरा निस्तेज असेल, खडू-माती-पेन्सिल तोंडात घालत असेल, तर तपासणीला उशीर नको. जंताची गोळी शाळेत-अंगणवाडीत मिळते, ती चुकवू नका. आणि मुलांना चहा देत असाल तर बंद करा, निदान जेवणाबरोबर आणि त्याच्या मागेपुढे तासभर तरी नकोच. चहामुळं धान्य-भाजीतलं लोह अंगी लागत नाही. लिंबू, पेरू, आवळा यांनी उलट ते जास्त मिळतं. घरात अंडं चालत असेल तर रोज एक द्यायला हरकत नाही.

शेवटी तुम्हाला लागलेलं ते वाक्य. ‘तुमच्या माहेरी भाकरी नव्हती.’ सासूबाईंनी ते रागात म्हटलं, आणि चुलीवरून सुनेचं माहेर काढण्याची जुनी सवय त्यात आहे. ते बरोबर नव्हतं. तुमच्या आईच्या हातात घरखर्चाची विडी होती. मजुरी हजार विड्यांवर मिळते, बोटं थांबली की पैसे थांबले. पान कापायचं, तंबाखू भरायचा, दोरा गुंडाळायचा, यातून उठून दोन वेळा भाकऱ्या बडवायला ती कुठून वेळ काढणार? चहा-टोस्ट आणि भात हे तिचं अज्ञान नव्हतं, तिच्या दिवसाचा हिशेब होता. आपल्या मुलांना हेही कळू द्या की त्यांची एक आजी शेतात राबली आणि दुसरी विड्यांच्या सुपाशी.

आणि एक गोष्ट आईला विचारून बघा. सोलापूरचे पद्मशाली मूळचे तेलंगणातले, आणि तिकडच्या खेड्यापाड्यांत ज्वारीची रोटी रोजच्या जेवणातली. भात वरचढ झाला तो नंतर. तुमच्या पणजीच्या घरी भाकरी थापली जात असण्याची शक्यता बरीच आहे. गोंगुरा घालून केलेलं आंबट वरण तुमच्या आईकडे होत असेल, आणि सासूबाई अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या घालत असतील. पालेभाजी एकच आहे. येत्या मंगळवार बाजारातून अंबाडीच्या दोन जुड्या आणा, एका दिवशी आईच्या पद्धतीनं करा आणि दुसऱ्या दिवशी सासूबाईंना करायला सांगा. आईला त्या दिवशी जेवायला बोलवा. दोघी विहिणी ताटावर बसल्या की कुणाच्या घरी काय शिजत होतं हे त्या आपापल्या तोंडानं सांगतील, मुलं ऐकतील, आणि तुम्हाला मधे पडून कुणाची बाजू घ्यावी लागणार नाही.